चित्र, चरित्र आणि पुरावा : विमानविद्येच्या इतिहासावरील निवडक सचित्र चरित्रपुस्तकांचा चिकित्सक विचार

गोषवारा

वैमानिक, कलावंत व संशोधक यांच्यावरील सचित्र चरित्रपुस्तके बालवाङ्मय म्हणून महाविद्यालयीन अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहतात. प्रस्तुत निबंधात अशा सहा इंग्रजी पुस्तकांचा विचार केला आहे. चरित्रातील चित्र हे कधी पुरावा असते, कधी पुनर्रचना असते, तर कधी भाष्य असते. या तिन्ही कार्यांतील भेद वाचकाला कळेल अशी सोय करणे ही चांगल्या सचित्र चरित्राची कसोटी होय, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : सचित्र चरित्र, विमानविद्येचा इतिहास, छायाचित्र, पुरावा, पुनर्रचना, भाष्य.

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या वर्गात चरित्र हा वाङ्मयप्रकार शिकविताना प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांपुढे दोन चित्रे ठेवली. पहिले राइट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणाचे छायाचित्र होते. दुसरे, शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर उडविल्याचे सांगितले जाणाऱ्या विमानाचे, पुढील काळात कोणीतरी काढलेले कल्पनाचित्र होते. पहिल्याला इतिहास आणि दुसऱ्याला आख्यायिका का म्हणावे, यावर चर्चा सुरू असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, दोन्ही चित्रेच ना?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर त्या तासाला नीट देता आले नाही. प्रस्तुत निबंध हा त्या उत्तराच्या शोधाचा एक भाग आहे.

निवडलेली पुस्तके पुढीलप्रमाणे : रसेल फ्रीडमन यांचे 'द राइट ब्रदर्स' (१९९१), ॲलिस व मार्टिन प्रोव्हेन्सन यांचे 'द ग्लोरियस फ्लाइट' (१९८३), रॉबर्ट बर्ले यांनी लिहिलेले व माइक विमर यांनी चित्रित केलेले 'फ्लाइट' (१९९१), निकी ग्राइम्स व चित्रकार ई. बी. लुईस यांचे 'टॉकिन अबाउट बेसी' (२००२), डायान स्टॅन्ली यांचे 'लिओनार्दो दा विंची' (१९९६) आणि पीटर सीस यांचे 'द पायलट अँड द लिटल प्रिन्स' (२०१४). ही सर्व पुस्तके मुलांसाठी व कुमारांसाठी लिहिली गेली आहेत. तथापि त्यांनी उपस्थित केलेले प्रश्न प्रौढ चरित्रवाङ्मयाचेच आहेत.

१. चित्र : पुरावा

फ्रीडमन यांच्या पुस्तकाचे वैशिष्ट्य असे की, त्यातील अनेक छायाचित्रे स्वतः विल्बर व ऑर्व्हिल राइट यांनी घेतलेली आहेत. १९९२ मध्ये 'न्यूबेरी ऑनर' या सन्मानाने गौरविलेल्या या पुस्तकात छायाचित्र शोभेसाठी येत नाही. ते कथनाचा आधार बनते. राइट बंधूंच्या दृष्टीने छायाचित्रण हा प्रयोगाच्या नोंदीचाच एक भाग होता. पहिल्या उड्डाणाच्या वेळी ऑर्व्हिलने कॅमेरा तिवईवर रोखून ठेवला होता. कळ दाबण्याचे काम जवळच्या जीवरक्षक केंद्रातील जॉन डॅनियल्स या माणसाने केले. उड्डाण १२ सेकंद टिकले व विमानाने १२० फूट अंतर कापले. त्याच दिवशी विल्बरने केलेले चौथे उड्डाण ५९ सेकंदांचे व ८५२ फुटांचे होते. काच डेटन येथे परतल्यावरच धुतली गेली. म्हणजे छायाचित्र साधले की नाही, हे दोघा भावांना त्या दिवशी ठाऊक नव्हते. १९१३ च्या पुरात त्यांच्या काचांची हानी झाली आणि तिच्या खुणा आजही दिसतात.

येथे पुरावा म्हणजे केवळ छायाचित्र नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. फ्रीडमन यांचे पुस्तक किटी हॉकच्या वाळूवर सुरू होत नाही. ते एमॉस रूट या मधमाश्यापालकाने काय पाहिले, येथून सुरू होते. २० सप्टेंबर १९०४ रोजी हफमन प्रेअरी येथे विल्बरने विमान हवेत पूर्ण वर्तुळाकार फिरविले. रूट यांनी ते प्रत्यक्ष पाहिले आणि जानेवारी १९०५ मध्ये आपल्या मधमाशीपालनविषयक नियतकालिकात त्याचा वृत्तान्त छापला. मोठी वृत्तपत्रे उदासीन असताना एका मधमाशीविषयक नियतकालिकाने ही नोंद करावी, हा योगायोग मनोरंजक आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, साक्षीदाराचे नाव, स्थळ, तारीख आणि समकालीन छापील मजकूर अशी साखळी येथे पूर्ण होते. छायाचित्र तिच्यातील एक कडी आहे.

तळपदे यांच्या बाबतीत नेमकी हीच साखळी आढळत नाही. उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार दिला जातो, त्या ग्रंथाचा अभ्यास बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. ग्रंथ विसाव्या शतकातील असून त्यात वर्णिलेली याने उडण्यास असमर्थ आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे यांना विमानविद्येविषयी आस्था होती, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र आस्था ही सिद्धी नव्हे, आणि नंतर काढलेले चित्र साक्षीदाराची जागा घेऊ शकत नाही. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे : दोन्ही चित्रेच आहेत, परंतु एकाच्या मागे कडी जोडलेली आहे, दुसऱ्याच्या मागे नाही.

२. चित्र : पुनर्रचना

पुरावा नसलेले चित्र त्याज्य मानावे काय? तसे मानल्यास प्रोव्हेन्सन दांपत्याच्या पुस्तकाला न्याय मिळणार नाही. लुई ब्लेरिओ यांनी २५ जुलै १९०९ रोजी कॅलेजवळून उड्डाण करून सुमारे ३७ मिनिटांत डोव्हर गाठले आणि 'डेली मेल'चे एक हजार पौंडांचे पारितोषिक मिळविले. पुस्तकाचा आरंभ मात्र १९०१ मध्ये काम्ब्रे येथे, कुटुंबाच्या मोटारफेरीने होतो. आकाशातून जाणारे हवाई जहाज पाहून वडिलांच्या मनात उडण्याची ओढ निर्माण होते आणि पुढे एकामागून एक यंत्रे तयार होतात, पडतात, मोडतात. अकरावे यंत्र खाडी ओलांडते.

ही चित्रे घटना घडत असताना काढलेली नाहीत, आणि तसा आभासही ती निर्माण करीत नाहीत. त्यांची रेखाटनशैली जुन्या लोकचित्रांची आठवण करून देणारी, किंचित विनोदी आहे. ही शैलीच वाचकाला सांगते की, हे कोणीतरी नंतर सांगितलेले आख्यान आहे. १९८४ च्या 'कॅल्डेकॉट' पदकाने या चित्रांचा गौरव झाला. अपयशांची मोजदाद करणारी रचना हे पुस्तकाचे खरे सामर्थ्य होय. यशाचे चित्र एक आणि मोडतोडीची चित्रे अनेक, हे प्रमाण संशोधनाच्या वास्तवाला धरून आहे.

तथापि एक उणीव नोंदविली पाहिजे. ब्लेरिओ हे मोटारगाड्यांच्या ॲसिटिलीन दिव्यांचे उत्पादक होते आणि विमानांचा खर्च त्या व्यवसायातून निघाला. इंजिन तीन सिलिंडरांचे व ॲन्झानी यांचे होते. सहा दिवस आधी ह्यूबर्ट लॅथम यांचा प्रयत्न समुद्रात कोसळून फसला होता. भांडवल, कारागिरी व स्पर्धा यांच्या या जाळ्यातून उड्डाण घडले. कुटुंबकथेच्या उबदार चौकटीत सारे श्रेय जिद्दीकडे जाते. ही मर्यादा अध्यापकाने भरून काढावयाची आहे.

या पुस्तकाशी आपला एक खरा धागा जुळतो. जे. आर. डी. टाटा यांच्या बालपणातील सुट्या फ्रान्सच्या किनाऱ्यावरील आर्देलो येथे जात. ब्लेरिओ यांचे घर तेथे शेजारीच होते. याच परिसरात पंधराव्या वर्षी त्यांनी विमानातून पहिली फेरी मारली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणणाऱ्या त्यांच्या 'पस मॉथ' विमानामागे त्या किनाऱ्याची स्मृती होती. 'अमर चित्र कथा' मालिकेत त्यांचे चरित्र आले आहे. परंतु प्रोव्हेन्सन यांच्या तोलाचे, मूळ मराठीत कल्पिलेले या प्रवासाचे चित्रपुस्तक प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

३. एक दिवस की एक आयुष्य?

बर्ले व विमर यांचे 'फ्लाइट' चार्ल्स लिंडबर्ग यांच्या २०-२१ मे १९२७ च्या न्यूयॉर्क ते पॅरिस या साडेतेहेतीस तासांच्या एकट्याच्या उड्डाणापुरते मर्यादित आहे. वाक्ये आखूड, वर्तमानकाळी. विमर यांची तैलचित्रे भव्य. झोपेशी झगडणारा पंचवीस वर्षांचा तरुण आणि खाली अफाट समुद्र यांतील विषम प्रमाण ही चित्रे प्रभावीपणे दाखवितात. १९९२ चा 'ऑर्बिस पिक्टस' पुरस्कार या पुस्तकास मिळाला.

येथे चरित्रलेखनाचा जुना प्रश्न उभा राहतो. लिंडबर्ग यांनी १९३८ मध्ये गोअरिंग यांच्या हस्ते नाझी जर्मनीचे पदक स्वीकारले आणि सप्टेंबर १९४१ मध्ये डे मॉइन येथील भाषणात अमेरिकेला युद्धाकडे ढकलणाऱ्यांत ज्यू समाजाची गणना केली. पुस्तक एका प्रवासाचे असल्याने हे त्यात नाही, आणि तशी सीमा आखण्याचा अधिकार लेखकाला आहे. परंतु तैलचित्राच्या भव्यतेत नायकत्व कायमचे गोठते. एका दिवसाचे शौर्य हे आयुष्याचे प्रमाणपत्र ठरू नये, एवढे भान वाचकाला देणारी एखादी टीप पुस्तकास उणेपणा आणणारी नव्हती.

'टॉकिन अबाउट बेसी'मध्ये याच्या उलट पद्धती आढळते. बेसी कोलमन यांचा जन्म १८९२ मध्ये टेक्सास येथे झाला. कृष्णवर्णीय स्त्री म्हणून अमेरिकेतील विमानशाळांनी प्रवेश नाकारल्यावर त्या फ्रेंच शिकून फ्रान्सला गेल्या आणि १५ जून १९२१ रोजी त्यांनी आंतरराष्ट्रीय वैमानिक परवाना मिळविला. ३० एप्रिल १९२६ रोजी जॅक्सनव्हिल येथे सरावाच्या वेळी विमानातून पडून त्यांचा मृत्यू झाला. ग्राइम्स यांनी त्यांच्या मृत्यूनंतर जमलेल्या लोकांची एक कल्पित सभा योजिली आहे. नातलग, परिचित, चाहते प्रत्येकजण आपल्या तोंडाने बोलतो. शेवटी बेसी स्वतः बोलतात. एकाच जीवनाविषयी अनेक आवाज ऐकू येत असल्याने कोणतेही एक चित्र अंतिम ठरत नाही. लुईस यांच्या जलरंगांना २००३ मध्ये 'कोरेटा स्कॉट किंग' चित्रकार पुरस्कार लाभला. सभा कल्पित आहे, हे पुस्तक लपवीत नाही; म्हणून कल्पना येथे सत्याला बाध आणत नाही. बेसी यांच्यावरील 'नोबडी ओन्स द स्काय' (१९९६) हे पद्यमय चित्रपुस्तक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या कन्या रीव्ह लिंडबर्ग यांनी लिहिले, हेही येथे नोंदविण्यासारखे आहे.

४. कलावंत आणि उड्डाण : चित्राचे भाष्य

स्टॅन्ली यांचे 'लिओनार्दो' आणि सीस यांचे सेंत-एक्झुपेरीचरित्र यांत चरित्रनायक स्वतःच रेखाटन करणारे आहेत. लिओनार्दोने सुमारे १५०५ मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावर लिहिलेली वही आज तुरीन येथे आहे. स्टॅन्ली एका बाजूस स्वतःची मोठी रंगचित्रे ठेवतात आणि मजकुराच्या पानावर लिओनार्दोची मूळ रेखाटने लहान आकारात देतात. चरित्रकाराचा हात आणि चरित्रनायकाचा हात वाचकाला वेगवेगळे दिसतात. पुरावा व पुनर्रचना यांचा हा प्रामाणिक शेजार हे १९९७ च्या 'ऑर्बिस पिक्टस' पुरस्काराने गौरविलेल्या या पुस्तकाचे मोठे यश आहे.

सीस यांचा मार्ग निराळा. मोठ्या चित्रांबरोबर लहान वर्तुळाकार चित्रे आणि त्यांच्या लगतचा बारीक मजकूर, अशी त्यांची मांडणी आहे. वाचकाला डोळ्यांनी फिरावे लागते, जणू नकाशाच वाचावा लागतो. १९२६ पासून टपालविमाने चालविणारा, १९३५ मध्ये सहाराच्या वाळवंटात कोसळून वाचलेला, १९४३ मध्ये 'द लिटल प्रिन्स' स्वतःच्या चित्रांसह प्रसिद्ध करणारा आणि ३१ जुलै १९४४ रोजी कॉर्सिकाहून उडून परत न आलेला हा लेखक. त्याच्या विमानाचे मार्सेयजवळ समुद्रात सापडलेले अवशेष २००४ मध्ये ओळखले गेले. लहान चित्रांत तारखा व घटना, तर मोठ्या पृष्ठजोड्यांत वाळवंट, रात्र व समुद्र, अशी वाटणी सीस करतात. घटनेचे चित्र आणि अर्थाचे चित्र यांतील अंतर त्यांनी केवळ आकारातून दाखविले आहे. स्वतः चेकोस्लोव्हाकिया सोडून अमेरिकेत स्थिरावलेल्या चित्रकाराला न्यूयॉर्कमधील निर्वासित सेंत-एक्झुपेरी जवळचा वाटला असल्यास नवल नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) सचित्र चरित्रात कल्पना असणे हा दोष नव्हे, कल्पना पुराव्याच्या वेषात येणे हा दोष होय.

२) फ्रीडमन पुराव्याची, प्रोव्हेन्सन पुनर्रचनेची, तर सीस भाष्याची उत्तम उदाहरणे पुरवितात. स्टॅन्ली यांच्या पुस्तकात पुरावा व पुनर्रचना शेजारी ठेवलेल्या दिसतात. अध्यापनासाठी ते पुस्तक सर्वांत उपयुक्त आहे.

३) 'फ्लाइट' हे पुस्तक 'टॉकिन अबाउट बेसी'सोबत वाचावे. एकाच नायकाचे एकच भव्य चित्र आणि एकाच व्यक्तीविषयीचे अनेक आवाज यांतील फरक विद्यार्थ्यांना चर्चेविना उमगतो.

४) महाविद्यालयीन ग्रंथालयांनी, विशेषतः इतिहास, भाषा व पत्रकारिता हे विषय शिकविणाऱ्या विभागांनी, ही पुस्तके बालविभागाची समजून टाळू नयेत.

त्या विद्यार्थ्याला आज भेटलो तर एवढेच सांगता येईल : दोन्ही चित्रेच आहेत, हे तुझे म्हणणे खरे. म्हणूनच प्रत्येक चित्राला विचारावे की, तुला कोणी काढले, केव्हा काढले, आणि ते काढणारा तेथे उभा होता काय? हा प्रश्न विचारण्याची सवय पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला लागली, तर चरित्राचा तास वाया गेला असे म्हणता येणार नाही.