आधी ह्यांचा बघा

बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं बसलेल्या माणसाला सगळं जग रांगेतच उभं दिसतं. म्हणून सामन्यानंतरची पत्रकार परिषद आम्ही सामन्याइतक्याच भक्तिभावानं पाहतो. तिथले नियम आमच्यासारखेच. एकानं एकच प्रश्न विचारावा, दुसऱ्याच्या मध्ये घुसू नये, माईक हाती आला म्हणून भाषण ठोकू नये. (हा शेवटचा नियम पाळणारं गिऱ्हाईक विजयदुर्गात अजून जन्माला यायचं आहे. इथला आंबेवाला आधी मोहोराची हकिगत सांगतो, मग जावयाची, आणि पासबुक घरी राहिल्याचं सर्वांत शेवटी.)

पण वार्ताहरांच्या शिष्टाचारात एक कलम राहून गेलंय.

३१ मार्च २०१६. वानखेडेवर ट्वेंटी-२० विश्वचषकाची उपांत्य फेरी. आपल्या १९२ धावा वेस्ट इंडिजनं सात गडी राखून पार केल्या. नंतर सॅम्युअल फेरिस या ऑस्ट्रेलियन वार्ताहरानं धोनीला विचारलं की यापुढे खेळत राहायचा विचार आहे का? प्रश्न रास्त होता. धोनीनं त्यालाच वर बोलावून शेजारी बसवलं आणि उलटतपासणी सुरू केली. मी निवृत्त व्हावं असं वाटतं? माझं धावणं बघून मी अनफिट वाटतो? २०१९ च्या विश्वचषकापर्यंत टिकेन? पाहुणा बिचारा 'नाही', 'नाही', 'हो' म्हणाला. मग तुझं उत्तर तूच दिलंस, असा निकाल लागला. हॉलभर हशा!

धोनीला आम्ही दोष देत नाही. आमच्या किल्ल्याजवळ समुद्रात पाण्याखाली भिंत आहे. शत्रूची गलबतं निर्धास्त यायची आणि तिच्यावर आपटायची, असं इथं सांगतात. भिंत बांधणं हा किल्लेदाराचा हक्कच. पण पुढचं गलबत फुटलं म्हणून मागच्या गलबतांनी टाळ्या पिटायच्या?

आमच्याकडे एखाद्या म्हातारीला साहेबानं थट्टेवारी कटवलं, की मागचा खलाशी शांतपणे म्हणतो, "आधी ह्यांचा बघा, मगे माझा." साहेब निमूट चष्मा लावतो. शिष्टाचार म्हणतात तो हा! पुढच्या वार्ताहरानं एवढंच म्हणायचं, "माझाही प्रश्न तोच." दहाजण तेच म्हणाले, तर शेजारी खुर्च्या किती मांडणार?

धोनी २०१९ चा विश्वचषक खेळला, हे खरंच. आणि १५ ऑगस्ट २०२० ला त्यानं निवृत्ती जाहीर केली ती इन्स्टाग्रामवर. ना हॉल, ना माईक, ना प्रश्न. त्या दिवशी हसलेल्यांना ती बातमी आमच्यासारखीच मोबाईलवर मिळाली. रांगच उरली नव्हती, मग नंबर कुणाचा?