नापासाचा शेरा

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा-सुधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. जुन्या संगणकावर विंडोज ११ बसेल का, हे पाहणारा मायक्रोसॉफ्टचा तपासणी-प्रोग्रॅम आम्हाला वाईट परीक्षक वाटतो. ‘संगणक अटी पूर्ण करत नाही’ हे तो ठळक लिहितो, कारण मात्र खाली बारीक अक्षरांत. शाळेत मथळाच वाचला जातो आणि चालता संगणक भंगारात निघतो.

‘टीपीएम २.०’ नाही असे कारण दिले असेल, तर आधी बायोस उघडून पाहा. संकेतलिपीच्या किल्ल्या सुरक्षित ठेवण्याची ही सोय कित्येक संगणकांत असते, फक्त बंद असते. इंटेलमध्ये ‘पीटीटी’, एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’ या नावाने. ती चालू करून पुन्हा तपासा.

प्रोसेसरच जुना असेल, इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीच्या (२०१७) आधीचा, तर मात्र इलाज नाही. अट सुरक्षेसाठी आहे, हे मान्य. पण ८ जीबी स्मृतीचा सातव्या पिढीचा आय-५ नापास आणि ४ जीबीचा मंद, नवा सेलेरॉन पास, हे कसले गुणांकन? अशा संगणकावर लिनक्स बसवावे. जिओजेब्रा त्यावरही चालते. निकालपत्रके तेवढी आधी दुसरीकडे उतरवून घ्या.