पिल्टडाउनचे हसे

उत्खननात काही सापडल्याची वार्ता आली की सुशिक्षित मंडळींत दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. वस्तू अभिमानाला पोषक असेल तर ती तत्काळ खरी मानली जाते. पुढे बनावट ठरली, तर ‘विद्वानांचे सगळे असेच’ म्हणून हसणे होते. पुरावा काय, हा प्रश्न दोन्ही वेळी अनुच्चारितच राहतो.

इंग्लंडातील पिल्टडाउनचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. डिसेंबर १९१२ मध्ये चार्ल्स डॉसन आणि आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी तेथील कवटीचे तुकडे व जबडा लंडनच्या भूविज्ञान संस्थेपुढे मांडला. कवटी माणसाची, जबडा वानरासारखा. आद्य मानव इंग्लंडातच निघाला, म्हणून आनंद झाला. कवटी आणि जबडा एका प्राण्याचे नव्हेत, असे डेव्हिड वॉटर्स्टन यांनी १९१३ सालीच सांगितले होते. परंतु ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. अखेर १९५३ साली वायनर, ओकली आणि ल ग्रोस क्लार्क यांनी सिद्ध केले की जबडा वानराचाच असून त्यातील दात घासलेले व हाडे रंगवलेली आहेत.

मग थट्टेला ऊत आला. ब्रिटिश संग्रहालयाच्या विश्वस्तांवर अविश्वास दर्शवणारी सूचनाही पार्लमेंटात दाखल झाली. परंतु ही लबाडी उघडी पाडली ती हसणाऱ्यांनी नव्हे, तर हाडांतील फ्लोरीन मोजणाऱ्या संशोधकांनी, हे थट्टेच्या भरात विसरले गेले.

आणि हानी केवळ हसे होण्यापुरती नव्हती. १९२५ साली रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतील टाउंग येथील बालकाची कवटी प्रसिद्ध केली. तिचे दात माणसासारखे, मेंदू मात्र लहान. म्हणजे पिल्टडाउनच्या नेमके उलट. खोट्याला मान मिळाला असल्यामुळे खऱ्याला अनेक वर्षे तिष्ठत राहावे लागले.

आपल्याकडे राजवाडे यांनी १८९८ सालच्या पहिल्या साधनखंडात अस्सल पत्रांच्या कसोटीवर बखरी पारखल्या. ती पारख हा आपलाच वारसा आहे. विद्यार्थ्याने वर्गात अशी एखादी वार्ता आणली, तर शिक्षकाने प्रथम हर्ष वा उपहास न करता इतकेच विचारावे: वस्तू कोठे सापडली, कोणी पाहिली, कशी तपासली? उत्तर मिळेपर्यंत थांबण्यात कमीपणा नाही.