कमला पुढे कुठे गेली?

विजय तेंडुलकरांच्या 'कमला'वर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक लेखांत ते पत्रकारितेवरचं किंवा विवाहसंस्थेवरचं नाटक ठरतं. ते खरंही आहे. पण माणसांच्या विक्रीवरचं नाटक म्हणून ते कितपत टिकतं? माझ्या मते निम्मंच.

मूळ घटना १९८१ची. 'इंडियन एक्स्प्रेस'चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी बायकांचा व्यापार उघड करण्यासाठी कमला नावाची स्त्री २३०० रुपयांना विकत घेतली आणि ती बातमी छापली. तेंडुलकरांनी नाटकात बाजार बिहारमध्ये लोहारडागाला नेला आणि किंमत २५० रुपयांवर आणली. नाटककाराला तो अधिकार आहेच. रक्कम उतरली तसा प्रेक्षकाला बसणारा धक्का मात्र वाढला.

जयसिंग जाधव कमलाला पत्रकार परिषदेत नेतो ते फाटक्या लुगड्यात, कारण पुरावा जसाच्या तसा दिसायला हवा. ती परिषद आपल्याला दिसत नाही. तिला काय काय विचारलं गेलं, ते जयसिंग आणि जैन नंतर हसत हसत सांगतात. तेंडुलकरांचं सारं कसब या हसण्यात आहे. बातमीदार आणि गिऱ्हाईक यांतलं अंतर तिथे पुसलं जातं.

त्यानंतरचा सरिता-कमला प्रसंग सर्वांना पाठ असतो. धन्याने तुला कितीला घेतलं, असं कमला विचारते आणि सरिता हादरते. आपण सगळे सरिताबरोबर हादरतो आणि तिथेच कमलाकडे पाठ फिरवतो. त्याच प्रसंगात ती पुढच्या आयुष्याची वाटणीही मांडते : कष्टाची कामं मी करीन, शिकलेली तू हिशेब बघ, धनी पंधरा-पंधरा दिवस. समीक्षक याला उपरोध म्हणतात. मला ते पुनर्वसनाचा आराखडा वाटतो. भाबडा, चुकीचा, पण नाटकातला एकमेव, आणि तो तिचा स्वतःचा आहे. पुढे सरिता तिला घरी ठेवू म्हणते, जयसिंग आश्रमात पाठवू म्हणतो. कमलाला कोणी विचारत नाही; सरितासुद्धा नाही. कमला निघून जाते आणि उरलेलं नाटक जयसिंगची नोकरी आणि सरिताची जागृती यांचं होतं.

नाटकाने सगळंच सांगावं का, असं कोणी म्हणेल. मीही कालपरवापर्यंत तेच म्हणत होतो. पण ही विंगेतली एक्झिट कायद्यातही आहे. १९५६च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७नुसार सोडवलेल्या स्त्रीला दंडाधिकारी चौकशीनंतर एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवू शकतो. नाव संरक्षण, दाराला कुलूप. सप्टेंबर २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तीन सज्ञान तरुणींना सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे राहायचं हे ठरवण्याचा हक्क त्यांचा आहे, हे न्यायालयाला सांगावं लागलं. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना संरक्षणगृहांची पाहणी करायला सांगितलं. इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांच्या सुटकेचा विचार व्हावा म्हणून.

कमला बोलली असती तर काय झालं असतं, याचं एक उत्तर आपल्या मुंबईतूनच निघालं. फेब्रुवारी १९९६मध्ये कामाठीपुरा परिसरात मोठे छापे पडले आणि चारशेहून अधिक मुली-बायका बाहेर काढल्या गेल्या. त्यांत नेपाळी मुली खूप होत्या. त्या महिनोन्महिने मुंबईच्या आश्रमांत अडकल्या. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला राजी नव्हतं. शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी सव्वाशेच्या आसपास मुलींना मायदेशी नेलं. त्यांतल्याच काहींनी एकत्र येऊन त्याच वर्षी 'शक्ती समूह' उभा केला. विकल्या गेलेल्या स्त्रियांनी स्वतः चालवलेली ही संस्था. निवारा कसा असावा, खटला कोणी आणि कसा लढवावा, घरी परत जायचं की नाही, हे त्या ठरवू लागल्या. २०१३मध्ये त्यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मुंबईत पडलेल्या छाप्यांची ही पुढची गोष्ट काठमांडूत घडली, आणि मराठीत तिच्यावर नाटक आल्याचं माझ्या पाहण्यात नाही. 'कमला'च्या माझ्या जुन्या प्रतीत ती घराबाहेर पडते त्या पानावर मी पेन्सिलीने खूण केली आहे. त्यानंतरची पानं आता मी तिच्या बाजूने वाचतो. बरीच कोरी वाटतात.