एका अनामिक पुस्तिकेचे रसग्रहण

मराठी समीक्षकांनी आजवर कादंबरीवर लिहिले, कवितेवर लिहिले, एकांकिकेवर लिहिले आणि हाताशी काहीच नसले तेव्हा एकमेकांवर लिहिले. पण जे वाङ्मय आज घरोघरी फुकट पोचते, ज्याच्या प्रतींचा आकडा ऐकून कोणत्याही मराठी प्रकाशकाला भोवळ यावी, त्याची दखल मात्र कोणीच घेतलेली नाही. मी राऊटरच्या खोक्यातून निघणाऱ्या पुस्तिकेबद्दल बोलतो आहे. नाव 'क्विक इन्स्टॉलेशन गाइड'. आकार काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, टाइप मुंगीपेक्षा थोडा लहान.

पहिली खटकणारी गोष्ट म्हणजे लेखकाचे नाव नाही. आमच्या देहूरोडहून थोड्याच अंतरावर देहू आहे. तिथल्या तुकोबांनी आपल्या अभंगाच्या शेवटी स्वतःचे नाव घालून जबाबदारी घेतली. इथे शेवटी फक्त 'चित्रे प्रत्यक्षापेक्षा वेगळी असू शकतात' एवढेच आहे. बिनसहीचा चेक आम्ही बँकेत परत पाठवतो. पण राऊटरची पुस्तिका परत कोणाकडे पाठवायची?

आता शीर्षक घेऊ. 'क्विक' म्हणजे जलद. सरकारने २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटले. २०२३ मध्ये त्यासाठी किमान २ मेगाबिट हवे असे ठरले. म्हणजे एकोणीस वर्षांत ब्रॉडबँडची व्याख्यासुद्धा जवळजवळ आठपट धावली. पुस्तिका वाचणाऱ्याचा वेग मात्र आहे तिथेच आहे. पान दोनवर मी अजूनही चष्मा शोधायला उठतो.

राऊटर म्हणजे काय, हे या पुस्तिकेत कुठेही सांगितलेले नाही. देहूरोडच्या माणसाला ते सांगणे वास्तविक किती सोपे! आमच्या गावाचे नावच मुळी 'देहूचा रस्ता' असे आहे. लोकलमधून उतरलेला परगावचा पाहुणा स्टेशनाबाहेर येऊन विचारतो, "मंदिर कुठल्या बाजूला?" त्याला सांगावे लागते, "अहो, हे देहू नव्हे, देहूरोड. देहू इथून पुढं." राऊटर नेमके हेच काम करतो. तो स्वतः इंटरनेट नव्हे. तो इंटरनेटच्या वाटेवरचे स्टेशन. घरातल्या प्रत्येक फोनची मागणी तो पुढच्या वाटेला लावतो आणि परत आलेला माल ज्याने मागवला त्याच्याच हातात देतो. त्यामुळेच हिने मागवलेली उकडीच्या मोदकांची कृती माझ्या फोनवर येत नाही आणि चिरंजीव काय मागवतात ते हिच्या फोनवर जात नाही. दोन्ही गोष्टी गृहसौख्याला पोषकच आहेत.

पुस्तिकेची भाषा हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय. माझ्या हातातल्या प्रतीत इंग्रजी आहे, पोलिश आहे, हंगेरियन आहे आणि उलटीकडून सुरू होणारी अरबीही आहे. मराठी नाही. हिंदीही नाही. लष्कराच्या डेपोमुळे देहूरोडच्या बाजारात मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू, पंजाबी, नेपाळी सगळे कानावर पडते. पण भाजीवाल्याशी हंगेरियनमध्ये घासाघीस करणारी बाई मला अजून तरी दिसलेली नाही.

प्रतिमासृष्टीच्या बाबतीत मात्र लेखकाने कमाल केली आहे. संपूर्ण कृतीत एकच मध्यवर्ती प्रतिमा आहे, ती म्हणजे ढग. राऊटरच्या चित्रातून एक रेघ निघते आणि थेट ढगात जाते. ढगात लिहिलेले असते 'इंटरनेट'. ही प्रतिमा ज्याला सुचली तो मावळात पावसाळ्यात राहिलेला नसणार. आमच्याकडे ढग आला की वीज जाते आणि वीज गेली की राऊटर जातो. म्हणजे ढग आला की इंटरनेट जाते आणि चित्रात तर ढगातूनच इंटरनेट येते! वस्तुस्थिती अशी आहे, की घरात येणाऱ्या त्या काचेच्या तंतूला विजेची गरजच नसते. त्यातून नुसता उजेड धावतो. वीज लागते ती दोन टोकांच्या पेट्यांना. आपल्या टोकाच्या पेटीला तिच्या व्होल्टेजचा एक छोटा यूपीएस जोडला, तर अंधारातही इंटरनेट बहुधा चालू राहते. एवढे एक वाक्य पुस्तिकेत असते, तर मावळातल्या कितीतरी संध्याकाळी सुखात गेल्या असत्या. पण वाक्ये लिहायची सोडून लेखक ढग काढत बसला.

दुर्बोधतेबद्दल आपण नवकवींना फार बोललो. त्यांची आता क्षमा मागायला हवी. 'वाय-फाय' या शब्दाचा अर्थ काय, माहीत आहे? काहीही नाही. १९९९ मध्ये नावे पाडून देण्याचा धंदा करणाऱ्या एका कंपनीने हा शब्द पाडून दिला. त्याचे पूर्ण रूप काय यावर लोक अजून वाद घालतात. पण मुळात ते कशाचेही लघुरूप नाही. नवकवीने निरर्थक शब्द वापरला तर निदान तो फुकट तरी वापरला होता.

पात्रांकडे वळू. या नाट्यातली पात्रे म्हणजे पेटीवरचे दिवे. त्यांची ओळख एका कोष्टकात करून दिली आहे. पण कोण नायक आणि कोण खलनायक, ते वाचकाने ताडायचे. खलनायक आहे 'एल-ओ-एस' हा लाल दिवा. आम्ही कॉमर्सवाले. लाल रंगात 'लॉस' दिसले की आमच्या पोटात गोळा येतो. इथे अर्थ वेगळा असला तरी गोळा योग्यच आहे. काचेच्या तंतूतून येणारा उजेड पेटीपर्यंत पोचत नाही, असे तो दिवा सांगतो. तंतू कुठे तुटला असेल, फार वाकला असेल नाही तर निसटला असेल. तेव्हा पेटी दहादा बंद-चालू करून आणि तिच्या पाठीवर थापट्या मारून उपयोग नसतो. कंपनीला फोन करावा आणि चहा टाकावा. कोष्टकात मात्र 'ऑप्टिकल सिग्नल अनुपलब्ध' एवढेच गूढगुंजन आहे.

आशय आणि वास्तव यांची फारकत पाहायची असेल तर पान चार पाहा. 'राऊटर घराच्या मध्यभागी, उंच व मोकळ्या जागी ठेवावा.' उपदेश सोळा आणे खरा. पण कंपनीचा मुलगा येतो तो भोक कुठे पाडतो? दाराला सर्वांत जवळच्या भिंतीत. मग राऊटर तिथेच टीव्हीमागे बसतो, वर लोखंडी कपाटाची सावली. गृहिणी त्याच्यावर धूळ नको म्हणून क्रोशाचा रुमाल घालते, तो तेवढा निरुपद्रवी. पण लोखंड आणि जाड भिंत हे लहरींचे खरे वैरी. लहरीही दोन जातींच्या. २.४ गिगाहर्ट्झवाली म्हातारी, हळू चालते पण दोन भिंती ओलांडून स्वयंपाकघरात पोचते. ५ गिगाहर्ट्झवाली पोरगी, पळते झकास पण पहिल्याच भिंतीशी दम लागतो. शिवाय मायक्रोवेव्हची भट्टी म्हातारीच्याच पट्ट्यात गुणगुणते, त्यामुळे पोहे गरम करताना सिनेमा अडकतो. यातले अवाक्षर पुस्तिकेत नाही. तिथे नुसते दोन आकडे आहेत आणि 'योग्य तो निवडा' असा उपदेश. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात तरी यापेक्षा जास्त माहिती देतात.

पान पाचवर १९२.१६८.१.१ हा पत्ता येतो. हा मात्र एक सुंदर कल्पनाविलास आहे. असा पत्ता एकाच वेळी असंख्य घरांत असतो आणि तरी घोटाळा होत नाही. प्रत्येक घरात 'आई' असते, हाक मारली की आपलीच येते, तसेच हे. पण या सौंदर्याकडेही लेखकाचे लक्ष नाही. त्याला पुढच्या पानावर जायची घाई.

आणि पुढच्या पानावर या कृतीचा मूलभूत दोष आहे. 'पासवर्ड' हा एकच शब्द लेखकाने दोन अगदी निराळ्या गोष्टींसाठी वापरला आहे. एक पासवर्ड पाहुण्याला द्यायचा, तो वाय-फायचा. म्हणजे घराच्या दाराची किल्ली. दुसरा पेटीच्याच कारभाराचा. म्हणजे तिजोरीची किल्ली. ही दुसरी किल्ली कित्येक पेट्यांना कारखान्यातूनच 'ॲडमिन' अशी लावून मिळत असे, नाव तेच आणि पासवर्डही तोच. ती बदला, हे महत्त्वाचे वाक्य माझ्या प्रतीत वॉरंटीनंतर सर्वांत बारीक टाइपात आहे.

न बदलल्याने काय होते? २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या एका प्रोग्रॅमने ते जगाला दाखवले. घरोघरचे कॅमेरे, रेकॉर्डर, राऊटर शोधायचे आणि कारखान्यातल्या साठ-एक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून बघायच्या, एवढीच त्याची विद्या. तेवढ्यावर त्याने लाखो पेट्या वश केल्या. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या फौजेने 'डाइन' या कंपनीवर धाड घातली आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी बडी दुकाने काही तास बंद पडली. पेट्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. बँकेत लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक खातेदाराची आणि एक आमची. इथे एकच किल्ली आणि तीही सगळ्या जगाला पाठ.

पण याहून मोठा दोष मला दाखवला तो आमच्या शेजारच्या काकूंनी. काका डेपोतून निवृत्त झालेले, कमालीचे काटेकोर. त्यांनी ते बारीक टाइपातले वाक्य भिंग लावून वाचले आणि दोन्ही किल्ल्या बदलल्या. कुठे लिहून ठेवल्या नाहीत, कारण पासवर्ड लिहू नये असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. गेल्या पावसाळ्यात काका गेले. काकूंचा जुना फोन चालत होता, कारण त्याला पासवर्ड पाठ होता. मग मुलीने परदेशातून नवा फोन पाठवला. तो पासवर्ड मागू लागला.

काकूंनी पुस्तिका काढली. इंग्रजी पुरेसे येते त्यांना. 'अडचण आल्यास मागच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबा, पेटी मूळ स्थितीत येईल.' काकूंनी दहा आकडे मोजले. पेटी मूळ स्थितीत आली. म्हणजे काकांचा पासवर्ड गेला आणि त्याच्याबरोबर पेटीत कंपनीने भरलेले ग्राहकाचे नाव-गावही गेले. जुना फोनही आता बंद. कंपनीचा मुलगा यायला चार दिवस लागले. मुलीचा रोज संध्याकाळी सातला फोन यायचा. त्या चार संध्याकाळी काकू नुसत्या बसून होत्या.

"सगळं पहिल्यासारखं होईल, असं लिहिलं होतं हो त्यात," काकू मला म्हणाल्या.

यावर समीक्षकाने काय बोलावे? 'मूळ स्थिती' म्हणजे कारखान्याची स्थिती, काकूंच्या घराची नव्हे, हे लेखकाला एका ओळीत लिहिता आले असते. 'टाचणी घेण्यापूर्वी कंपनीला फोन करा', ही दुसरी ओळ. दोन ओळी! तेवढी जागा ढगाला दिली आहे.

गेली वीस-बावीस वर्षे मी खिडकीमागे बसून लोकांकडून फॉर्म भरून घेतो. आमच्या फॉर्मांचे वाङ्मयीन मूल्य शून्य आहे हे मला मान्य आहे. पण खाते उघडण्याच्या फॉर्मवर एक रकाना असतो, नॉमिनीचा. खातेदार नसेल तेव्हा कोण? हा अप्रिय प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी, पेढे वाटायला आलेल्या माणसालाही विचारतो. राऊटरची पुस्तिका हंगेरियनमध्ये बोलते, अरबीत बोलते, पण हा प्रश्न कुठल्याच भाषेत विचारत नाही. घरात पेटी ज्याने बसवली तो कायमचा घरात असणार, हे तिने गृहीत धरले आहे. मुलगा नोकरीला पुण्याबाहेर जातो, मुलगी सासरी जाते, काका जातात, आणि मागे राहते ती एक लुकलुकणारी पेटी, जिची किल्ली कोणाकडेच नाही.

म्हणून पुढच्या आवृत्तीत एक कोरे पान असावे, अशी माझी नम्र सूचना आहे. त्यावर पाचच रकाने. कंपनीचा ग्राहक क्रमांक. तक्रारीचा फोन. वाय-फायचा पासवर्ड. पेटीचा पासवर्ड. आणि हे सारे माहीत असलेल्या घरातल्या दुसऱ्या माणसाचे नाव. पासवर्ड लिहून ठेवणे धोक्याचे, असे कोणी म्हणेल. तो कागद दर्शनी भिंतीवर टांगू नये, हे खरे. पण घरच्या कपाटातला कागद सातासमुद्रापलीकडच्या चोराला दिसत नाही. 'ॲडमिन' मात्र त्याला झोपेतही आठवते.

काकूंना मी असे एक पान मराठीत, ठळक अक्षरांत करून दिले. त्यांनी ते कपाटाच्या दाराला आतून, दुधाच्या हिशोबाशेजारी चिकटवले. शेवटच्या रकान्यात मुलीचे नाव घातले.

"पासवर्ड जरा लांबलचक घातलात ना, काकू? काय ठेवलात?" मी सहज विचारले.

काकूंनी कपाट लावून घेतले.

"बँकेतले ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "मग असं विचारता होय कुणाला?"