‘निवेदन’: एका परतलेल्या विद्यार्थ्याची जबानी

पेडण्याकडील आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव परदेशातील अभ्यास अर्ध्यावर टाकून नुकतेच घरी परतले. देवळाच्या चौकात जो तो एकच विचारी, “पूण तो कितें घेवन आयलो?” मुलाजवळ उत्तर नव्हते. आम्ही त्यास धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ वाचावयास दिले, आणि देण्यापूर्वी पणजीस एका रविवारी स्वतः पुन्हा वाचून काढले. त्या वाचनाचे हे फलित.

न्यायालयात वावरणाऱ्यास ‘निवेदन’ हा शब्द रोजचा. पक्षकार हकीगत क्रमाने सांगतो आणि निवाडा दुसऱ्यावर सोपवतो. १९२४ साली पुस्तकरूपाने निघालेल्या या आत्मवृत्ताचे नाव म्हणूनच आम्हांस अत्यंत समर्पक वाटते. पुस्तकात अलंकार जवळजवळ नाहीत. उपाशी राहिलो, पैसे संपले, आजारी पडलो, पुढे निघालो, अशा थाटाची ही जबानी आहे, आणि साक्षीदार खरा असल्याची खूण तिच्यात पानोपानी सापडते.

झुवारी ओलांडताच लागणाऱ्या सांकवाळचे हे गृहस्थ. जन्म १८७६ चा. सांकवाळचा नृसिंह वेलिंग्यास गेला, विजयादुर्गा केरीस गेली, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. ज्या गावाचे देवच सोळाव्या शतकात परागंदा झाले, त्या गावातून हा तरुण १८९९ मध्ये पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून बुद्धाच्या शोधास निघाला. पुण्यास डॉ. भांडारकरांचा आश्रय, काशीस अन्नछत्रातले जेवण व संस्कृताचे अध्ययन, आणि १९०२ मध्ये नेपाळ. तेथे बौद्ध धर्म जिवंत भेटेल अशी केवढी आशा! काठमांडूस जे दृष्टीस पडले त्याने मन विटले, आणि स्वारी परत फिरली. पुढे सिंहलद्वीपात विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकणे झाले, पण तेथील अन्न मानवेना. मग ब्रह्मदेश. प्रत्येक वेळी हाती काही लागते व काही निसटते. निसटलेल्याबद्दल लेखक हळहळत बसत नाही.

खरा पेच शेवटच्या भागात आहे. १९१० साली प्राध्यापक वुड्स यांच्या बोलावण्यावरून कोसंबी अमेरिकेस हार्वर्ड विद्यापीठात गेले. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन वॉरन नावाच्या विद्वानाने आरंभिले होते. ते १८९९ मध्ये वारले. अपुरे काम कोसंबींनी पुढे नेले, पण श्रेय कोणाचे व किती, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाला आणि १९१२ साली ते स्वदेशी परतले. ग्रंथ छापला गेला नव्हता. आणलेली शिदोरी म्हणजे समाजवादावरील वाचन आणि एक सल. वकील म्हणून आम्हांस येथे अधिक पुरावा हवा होता: काय ठरले होते, कोणते लेखी होते? लेखक आपली बाजू सांगतो, परंतु दुसऱ्या बाजूस बोलू देत नाही. जबानी म्हणून हे क्षम्य, इतिहास म्हणून अपुरे.

त्याहून गंभीर आक्षेप असा. सुमारे सात वर्षांनी, १९०६ साली, हे गृहस्थ गोव्यास घरी आले. त्या उंबरठ्यावर काय झाले? ज्या स्त्रीने ती वर्षे सासरमाहेरी लोकांची बोलणी सोसली असतील, तिने काय विचारले? नेपाळच्या वाटेस जितकी पाने मिळाली, तितक्या ओळीही या प्रसंगास मिळालेल्या नाहीत. हा संकोच त्या पिढीचा होता असे म्हणून आमचे काही मित्र सोडून देतात. आम्हांस ते पटत नाही. अन्नछत्रातील अपमान उघडपणे सांगणाऱ्यास संकोच कसला? घरच्यांचे ऋण मांडण्याची वेळ आली आणि लेखणी आखडली, असेच आम्ही म्हणू.

एवढे असूनही हे पुस्तक आमच्या समाजातील प्रत्येक घरी असावे असे आम्हांस वाटते. कलकत्ता विद्यापीठाचे मोठे वेतन सोडून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे महिना पन्नास रुपये पत्करणारा आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवणारा हा माणूस ‘कितें घेवन आयलो’ या प्रश्नास कधी भ्याला नाही. १९१८ साली तो त्याच हार्वर्डास पुन्हा गेला!

पुढील हकीगत ‘निवेदना’त नाही. १९४० साली मुंबईत भारतीय विद्या भवनाने ‘विसुद्धिमग्ग’ नागरी लिपीत काढला. संपादक धर्मानंद कोसंबी. हार्वर्डची प्रत निघाली १९५० मध्ये, कोसंबी सेवाग्रामास निवर्तल्यावर तीन वर्षांनी. तिच्या मुखपृष्ठावर संपादक वॉरन, आणि संशोधित करणारे म्हणून कोसंबी.

पेडण्याच्या मुलास आम्ही हे सांगितले. थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारले, “आणखी आठ दिवस पुस्तक ठेवू का, काका?”