एमटीव्ही आलं नसतं तर?

(ढाणकी, जि. यवतमाळ येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

‘असं झालं नसतं तर काय झालं असतं’ या प्रश्नाला इतिहासकार सहसा नाक मुरडतात. तत्त्वज्ञानात मात्र तो रीतसर अभ्यासाचा विषय आहे. डेव्हिड लुईस या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७३ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर असं: कल्पनेतलं जग उभं करताना खऱ्या जगाला शक्य तितकं धरून राहा. एक गोष्ट बदला, बाकीचं जसंच्या तसं ठेवा, आणि मग बघा.

हा नियम हाताशी धरून आपल्याकडची एक नेहमीची तक्रार तपासू. केबल आली, संगीतवाहिन्या आल्या, ऐकायचं गाणं बघायचं झालं आणि मराठी गाणं मागं पडलं, असं आपण म्हणतो. म्हणजेच, एमटीव्ही आलं नसतं तर भावगीताचे दिवस तसेच चालू राहिले असते. ही तक्रार हा एक पर्यायी इतिहासच आहे. तो टिकतो का?

एमटीव्ही अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झालं. पहिलंच गाणं दाखवलं ते ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’. व्हिडिओने रेडिओवरच्या गायकाला मारलं, ही कल्पना तिथपासून जगभर रुजली. आपल्याकडे १९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आलं, १९९४ मध्ये त्याची जागा चॅनल व्हीने घेतली, आणि १९९६ मध्ये ते स्वतंत्रपणे परत आलं. पण गाणं बघायची सवय आपल्याला तेव्हा लागली का? पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा. त्यात नटनट्या पडद्यावर गात होत्या, आणि लोक ते बघत होते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्यानंतर ‘छायागीत’साठी शेजाऱ्यांच्या घरी गर्दी व्हायची. तेव्हा कॅमेऱ्याला गुन्हेगार ठरवायचं तर साठ वर्षं मागं जावं लागेल. भावगीत बहरलं ते याच साठ वर्षांत, हे विसरू नका.

आता दुसरी गोष्ट. नको असलेलं गाणं बाजूला काढलं की जुनं चांगलं गाणं आपोआप परत येतं का? हा प्रयोग आपल्या देशात प्रत्यक्ष झालेला आहे. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. ‘बिनाका गीतमाला’ त्याच सुमारास सुरू झाली. शेवटी १९५७ मध्ये सरकारलाच ‘विविध भारती’ काढावी लागली.

पण न्यायाने बोलायचं तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५५-५६ मध्ये ‘गीतरामायण’ दिलं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, दर आठवड्याला एक अशी छप्पन्न गीतं. बंदी घालून जे साधलं नाही, ते नवं काही निर्माण करून साधलं.

मग वाट खरी कुठं फुटते? माझ्या मते, फाटकावर कोण उभं आहे, तिथं. १९८३ मध्ये डेव्हिड बोवीने एमटीव्हीच्याच मुलाखतीत विचारलं होतं की, तुमच्या वाहिनीवर काळे कलाकार इतके कमी का दिसतात? वाहिनी नवी होती, पण फाटक जुनंच होतं. आपल्याकडे ध्वनिमुद्रिकांवर एका कंपनीचा वरचष्मा होता, आणि रेडिओवर गायचं तर आधी स्वरचाचणी. वामनदादा कर्डकांची हजारो गाणी या फाटकांच्या भरवशावर राहिली नाहीत. ती जलशांतून, जयंतीच्या मंचांवरून, पायी फिरत गावोगाव गेली. पुढं स्वस्त कॅसेट आली आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, वस्तीवस्तीत पोचला.

आता लुईसचा नियम लावा. एमटीव्ही वजा करा: मराठी गाण्याच्या नकाशात फारसा फरक पडत नाही. कॅसेट वजा करा: भीमगीत जलशात जगलं असतं, पण घराघरात पोचायला त्याला आणखी कितीतरी वर्षं लागली असती. ज्याला आपण ‘सुवर्णकाळ’ म्हणतो, ती कुणीतरी निवडलेल्या गाण्यांची यादी आहे. त्या यादीत कोण नाही, हे विचारल्याशिवाय हळहळण्यात अर्थ नाही.

कॅसेटचीही एक मर्यादा होती. तिने आवाज राखला, मंच राखला नाही. समोरच्या माणसाकडे बघून शाहीर ओळ फिरवतो, कोरस हसतो, ढोलकीवाला थांबून बघतो, हे फितीवर येत नाही. म्हणून मला हवा असलेला पर्यायी इतिहास अगदी छोटा आहे. दूरदर्शन तेच, कॅमेरे तेच. फक्त आठवड्यातला अर्धा तास कॅमेरा बाहेर पडला असता: आज जलशाला, उद्या आपल्याकडच्या दंडारीला, परवा खडी गंमतीला. वीस वर्षांत केवढा ठेवा जमला असता!

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. पण यूट्यूबवर पुढचं गाणं कोणतं लागायचं हे एक यंत्र सुचवतं, म्हणजे फाटक अजून आहेच. त्याची तक्रार करत बसण्यापेक्षा एक काम करता येईल. पैनगंगेच्या या पट्ट्यात कितीतरी घरांत ट्रंकेत जुन्या कॅसेट पडून असतील. फितीला बुरशी लागते, ती चिकटते, तुटते. त्या बाहेर काढा, संगणकावर उतरवून घ्या, आणि गायक कोण, गाव कोणतं, साल कोणतं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे होईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.